फिन्योग, विंडो आणि वाऱ्याचा डोळा

प्रश्न असा आला : आयरिश भाषेत खिडकीला 'फिन्योग' म्हणतात, तो इंग्रजी 'विंडो'चाच अपभ्रंश आहे का?

नाही. दोघे सख्खे भाऊ आहेत, आणि त्यांची आई जुनी नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंग लोकांची भाषा. तिच्यात खिडकीला 'विंदाउगा' म्हणत. 'विंद' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. काच नव्हतीच, नुसतं भोक. वारा तिथून डोकावायचा. व्हायकिंग ७९५ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, ८४१ मध्ये डब्लिनला त्यांनी तळ ठोकला, आणि लुटालुटीबरोबर शेजारधर्मही सुरू झाला. इंग्रजीने हाच शब्द इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांकडून वेगळा उचलला.

आता 'फ'ची गंमत. आयरिशमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे आधी 'अन' हे उपपद लागलं की 'फ' लिहिला जातो, पण उच्चारात गळतो : 'अन इन्योग'. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये तर मूळ शब्दच 'फ'विना उरला आहे, तो बहुधा असंच ऐकून ऐकून.

नॉर्स शब्द येण्याआधी आयरिश लोक खिडकीला 'सेनेस्टर' म्हणत, तो लॅटिन 'फेनेस्ट्रा'वरून. वेल्शमध्ये अजूनही 'फेनेस्त्र'च आहे. आणि ज्यांच्या पूर्वजांचा हा वाऱ्याचा डोळा, त्या स्वीडिश लोकांनी तो सोडून लॅटिनच्याच वंशातला 'फॉन्स्टर' धरला. आइसलँडमध्ये 'ग्लुग्गी' चालतो. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये मात्र 'विंदू' टिकून आहे.

आपल्याकडचा 'गवाक्ष' इथे आठवणारच : गाईचा डोळा. 'वातायन'ही आहे, वाऱ्याची वाट. 'विंद' आणि 'वात' एकाच मुळाचे, 'आउगा'चं 'अक्षि'शी नातं बहुतेक अभ्यासक मानतात. पण म्हणून 'विंदाउगा' संस्कृतातून गेला असं कुणी ठोकून देऊ नये. हे समास ज्याने त्याने आपापल्या घरात जुळवले. खिडकीला डोळा म्हणायला कुणाकडे उसनवारी करावी लागत नाही. उसनं घ्यायचंच झालं तर गोव्यातलं 'जनेल' पाहा : पोर्तुगीज 'जनेला', आणि त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'छोटं दार'. डोळ्याचा पत्ताच नाही.