शेजारचं बंद घर वीस वर्षं आम्हीच सांभाळतोय, ते आमच्या नावावर होईल का?

तुम्ही लिहिलंय की मालक मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत, जाताना चावी तुमच्या वडिलांकडे दिली, तेव्हापासून कौलं परतणं, साफसफाई, घरपट्टी सगळं तुम्हीच बघता आणि घराचा खरेदीखतासारखा कागद कुणाकडेच नाही. मी वकील नाही, पण आमच्या भावकीतल्या अशाच एका घराचे कागद मी केलेत म्हणून सांगतो, एवढ्यावर नाही होणार, आणि त्यात ती चावीच तुम्हाला नडणार.

गावात सगळे सांगतात बारा वर्षं कब्जा असला की घर आपलं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षं आहेत हे खरंय (सरकारी जागेला तीस), आणि असा कब्जेदार स्वतःहून दावासुद्धा लावू शकतो असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलंय. पण ती वर्षं मोजायची कधीपासून? तर तुम्ही मालकाचा हक्क उघड उघड नाकारून, त्याला कळेल असं, स्वतः मालक म्हणून बसलात तेव्हापासून. "घराकडे लक्ष ठेवा हो" म्हणून चावी दिली असेल तर तुम्ही राखणदार, मग बारा काय नि पन्नास काय. गोव्यातल्या एका घराची केस होती, घर बहिणीचं, भाऊ सांभाळायला म्हणून राहिलेला, त्यात २०१२ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्याचा हक्क तयार होत नाही.

घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा पण त्याने मालकी ठरत नाही. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, ग्रामसेवकाला गोड बोलून तिथे नाव चढवून घेतलं तरी उद्या वारस कोर्टात गेला की ते टिकणं कठीण. गावठाणात सातबारा नसतो म्हणून हा सगळा गोंधळ. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजतायत, तुमच्या गावचं झालं असेल तर भूमी अभिलेखमध्ये जाऊन प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव लागलंय ते आधी बघा.

मग वारस शोधा. सगळे, म्हणजे लग्न होऊन गेलेल्या मुलीपण, लोक नेमकं त्यांनाच विसरतात आणि दहा वर्षांनी नोटीस येते. वारसांची द्यायची तयारी असेल तर दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर खरेदीखत करा, नुसत्या नोटरी केलेल्या स्टँप पेपरने घर नावावर होत नाही. कोण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र मागवा. आणि वारसच कुणी नाही निघाला तर मालक हिंदू असल्यास वारसा कायद्याने ते सरकारकडे जातं, शेजाऱ्याकडे नाही.

वारस विकायला नाही म्हणाले तर निदान आजवरच्या दुरुस्तीच्या खर्चाचा विषय काढा, आणि पुढे वापरायचंच असेल तर भाडेकरार करून घ्या.