विमानातून सुटणारं रॉकेट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विमान रॉकेटला १२ किलोमीटर उंचीवर नेऊन देतं, म्हणजे निम्मं काम तिथेच झालं. मग सगळीच रॉकेटं अशी का सोडत नाहीत? (विद्यार्थी, घोडबंदर रोड, ठाणे)

निम्मं सोडा, शंभरातला एक भागही होत नाही. उपग्रह कक्षेत टिकतो तो आडव्या वेगामुळे, आणि तो वेग हवा ताशी २८,००० किलोमीटरच्या आसपास. विमान देतं जेमतेम ९००. उंची आणि वेग दोन्ही धरून ऊर्जेचा हिशोब मांडला, तर विमानाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो.

खरी कमाई वेगळीच आहे. त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका असतो. रॉकेटला हवेचा विरोध कमी होतो आणि इंजिनाचं नोझल, म्हणजे वायू बाहेर फेकणारं तोंड, मोठं ठेवता येतं. पण वजनाला मर्यादा पडते. विमानातून सुटणारं अमेरिकेचं ‘पेगासस’ रॉकेट सुमारे २३ टनांचं. आपलं पीएसएलव्ही ३२० टनांचं. ते उचलू शकेल असं विमानच आज नाही.

प्रश्न : रॉकेट विमानाच्या पोटाखालीच पेटवतात का? विमानाला आग लागत नाही? (वाचक, कोपरी)

आधी सोडतात, मग पेटवतात. पेगासस सुटल्यावर पाच सेकंद नुसतं खाली पडतं, साधारण ९० मीटर. विमान पुढे निघून गेलं की पहिला टप्पा पेटतो आणि पाठीवरच्या त्रिकोणी पंखाच्या आधाराने रॉकेट नाक वर करतं. इकडे २३ टनांचं ओझं एका झटक्यात उतरल्याने विमान वर उसळतं, त्याची तयारी वैमानिकाला ठेवावी लागते. शिवाय आडवं टांगलेलं रॉकेट मधोमध वाकू नये म्हणून सांगाडा भक्कम करावा लागतो. म्हणजे आणखी वजन.

प्रश्न : एवढं सगळं जमत असताना विमानातून रॉकेट सोडणारी व्हर्जिन ऑर्बिट कंपनी बुडाली कशी? (निवृत्त बँक कर्मचारी, वाशी)

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलहून त्यांचं बोइंग ७४७ उडालं, रॉकेट सुटलंही. पण दुसऱ्या टप्प्यात इंधनाचा एक फिल्टर जागचा निसटला आणि उपग्रह गेले. काही महिन्यांतच दिवाळखोरी. फिल्टर निमित्त झाला, असं माझं मत. मुळात गणितच बसत नव्हतं.

त्याचा सगळ्यात बोलका पुरावा नासाची ‘आयएक्सपीई’ ही क्ष-किरण दुर्बीण. वजन ३३० किलोच्या आसपास, कक्षा विषुववृत्तावरची, आणि आखणी पेगासस डोळ्यांसमोर ठेवूनच. विमान थेट विषुववृत्तापाशी जाऊ शकतं, हाच या पद्धतीचा हुकमी एक्का. तरीही २०२१ मध्ये ती फ्लोरिडाहून, जमिनीवरून सुटणाऱ्या स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटवर गेली. फ्लोरिडा विषुववृत्तावर नाही, म्हणून कक्षेची दिशा वळवायला भरपूर इंधन जाळावं लागलं, तरी सौदा सुमारे ५ कोटी डॉलरांत बसला. पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरणाऱ्यासमोर विमानाचा टिकाव लागणं कठीण.

प्रश्न : नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून असं रॉकेट नेता येईल का? (रहिवासी, उलवे)

धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, तेवढी पुरेशी. पण इंधनाने भरलेलं रॉकेट घेऊन उलवे-पनवेलच्या वस्तीवरून उडायची परवानगी कोण देईल? मीही देणार नाही! दिशेचीही अडचण आहे. पूर्वेकडे सोडलं तर सगळा देश वाटेत. दक्षिणेकडे सोडायचं तर विमानाने आधी अरबी समुद्रात पश्चिमेला बरंच आत जायचं, म्हणजे लक्षद्वीप आणि मालदीव टळतील.

तरी कल्पना अगदीच वेडगळ नाही. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेकडे जाताना पीएसएलव्हीला श्रीलंका टाळून वळसा घ्यावा लागतो आणि त्यात वहनक्षमता घटते. विमान श्रीलंकेपलीकडे जाऊन रॉकेट सोडू शकतं. इस्रोने मात्र जमिनीवरचाच उपाय निवडला: तामिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला छोट्या रॉकेटांसाठी नवा तळ.

प्रश्न : इस्रोने हेलिकॉप्टरमधून यान सोडलं होतं, ते हेच का? (शिक्षिका, खारघर)

नाही. एप्रिल २०२३ मध्ये चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवरून पंखांचं यान सोडलं, ते स्वतःहून धावपट्टीवर उतरतं का हे पाहायला. ते उतरलं.