68 टक्के, पण कशाचे?

सध्या माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दोन ठरलेल्या धास्ती आहेत. "एआय वापरलंय, आता पकडले गेले तर?" ही एक. "वापरलंच नाही, तरी सॉफ्टवेअर म्हणतंय वापरलं" ही दुसरी. रेवती या दोन्हींच्या मधे अडकली होती, म्हणून तिची गोष्ट सांगते. नाव आणि काही तपशील अर्थातच बदललेत.

एम.ए. अर्थशास्त्राचं शेवटचं वर्ष. मूळची बीड जिल्ह्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम. लघुप्रबंध ऊसतोड कामगारांच्या उचलीवर, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेवर. मार्गदर्शक सरांनी मसुदा तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, 'एआय-लिखित 68 टक्के' असं आलं, आणि तो अहवाल त्यांनी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सोबत एकच ओळ: "हे काय आहे?" रात्रभर नेट धुंडाळताना तिला यूजीसीचा 2018चा नियम सापडला. 60 टक्क्यांच्या वर गेलं की नोंदणी रद्द. जेवण सुटलं. घरी सांगायचीही सोय नव्हती, आईवडील अजून उसाच्या फडातच होते.

"काही होणार नाही गं" असं मी म्हटलं नाही. घाबरलेल्या मुलीला ते खोटंच वाटतं. आम्ही अहवाल उघडून बसलो. यूजीसीचा तो नियम वाङ्मयचौर्याचा आहे, म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी किती साम्य आहे त्याचा. 10 टक्क्यांपर्यंत माफ, पुढे तीन पायऱ्या, शेवटची 60च्या वर. तिच्या मसुद्यातलं साम्य होतं 7 टक्के. ते त्याच अहवालात खाली छापलेलं होतं, तिने वाचलंच नव्हतं. (सरांनीही वाचलं नसावं.) 68 हा आकडा वेगळाच: हा मजकूर यंत्राने लिहिला असावा, असा दुसऱ्या यंत्राचा अंदाज. पुढचा शब्द जितका सहज ओळखता येईल तितका त्याचा संशय वाढतो. आता इंग्रजी शिकून लिहिणारी आपली मुलं साधी, ठरावीक वाक्यं लिहितात आणि नेमकी तिथेच सापडतात. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परभाषिकांनी लिहिलेले 91 निबंध अशा सात सॉफ्टवेअरना तपासायला दिले. सरासरी 61 टक्के निबंध एआयचे ठरले! त्याच वर्षी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून बंद केलं.

ती जरा सावरल्यावर विचारलं, "आता खरं सांग, काय काय वापरलंस?"

वहीत मराठीत लिहायचं, चॅटबॉटकडून त्याचं इंग्रजी करून घ्यायचं, मग वाचून दुरुस्त करायचं. आणि हळू आवाजात, "संदर्भ कमी पडत होते मॅडम, म्हणून तीन मागितले."

ते तीन शोधले. एक मिळाला. दुसऱ्याचं नियतकालिक खरं, लेखक खरा, लेख मात्र कुठेच नाही. तिसऱ्यात दिलेल्या पानांवर भलताच लेख. "पण पान नंबरसुद्धा दिलाय की!" देणारच. नेटवर शोधायला लावलं नाही, तर चॅटबॉट फक्त शब्दापुढे शोभेल असा शब्द जुळवत जातो. संदर्भ दिसतो कसा हे त्याला पाठ आहे. तो लेख कोणी लिहिलाय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांनी असेच रचलेले निकाल कोर्टात सादर केले आणि 5,000 डॉलरचा दंड झाला. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. ज्या आकड्याने तिची झोप उडाली होती त्यात फारसा दम नव्हता. खरी चूक संदर्भांत होती, आणि त्याची तिला काळजीच नव्हती.

तिच्या संमतीने सरांना बोलावलं. आले ते रागातच. थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडम, मी ते चॅटबॉट कधी उघडलेलंच नाही. आता या वयात विचारू कुणाला?" प्राध्यापकांमधला हा संकोच मी फार पाहते. दिवसभराच्या कार्यशाळेत तो जात नाही, प्रमाणपत्र मात्र मिळतं. शेजारी कुणी बसलं तर अर्ध्या तासात जातो. माझ्याच संगणकावर उघडून दिलं. सरांनी एका बोटाने टाइप केलं: उचल फिटली नाही तर काय होतं? सुबक सहा मुद्दे आले, कुठल्याही कर्जाला लागू पडतील असे. मग तोच प्रश्न त्यांनी रेवतीला विचारला. ती सांगत गेली: मुकादमाच्या वहीत खाडा कसा चढतो, नवरा-बायकोतलं एक आजारी पडलं तरी दोघांचा दिवस कसा बुडतो, उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत कशी वळती होते. सर पेन काढून लिहून घ्यायला लागले.

खोटे दोन संदर्भ काढले, भाषांतरासाठी एआय वापरल्याचं पहिल्याच पानावर लिहिलं, सर्वेक्षणाची वही जोडली. गुण थोडे कापले गेले. ते कापायलाच हवे होते.

तुमच्या हातात असा अहवाल पडला तर त्याच रात्री माफीनामा लिहून पाठवू नका. आकडा साम्याचा की अंदाजाचा, ते आधी विचारा. वही, जुने मसुदे, गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास सोबत न्या. आणि जाण्याआधी प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा.

सर आता सगळ्यांकडूनच वही मागतात. यंदा दोघांनी वहीतला मजकूरही चॅटबॉटकडून घेऊन सुंदर अक्षरात उतरवून आणला. काय करायचं, हे विचारायला सर परवा आले होते. म्हटलं, समोर बसवा आणि खाडा म्हणजे काय ते विचारा.