‘गॅस गेला आहे’ असे ऐकल्यावर आधी काय तपासावे: दीड टनाचा एसी आणि ट्रिप होणारा गिझर

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करून घेतो. वाघोलीत सर्वांत वरच्या मजल्यावर सदनिका आहे. बेडरूममधला दीड टनाचा, तीन वर्षे वापरलेला इन्व्हर्टर एसी मार्चपासून दुपारी खोली गार करत नाही आणि बंद केल्यावर त्याच्या इनडोअर युनिटमधून पाणी गळते. मेकॅनिकने पाच मिनिटे पाहून ‘गॅस गेला आहे’ असे सांगितले. बाथरूममधला २५ लिटरचा गिझर सुरू केला की ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे उपकरण) पडते, आणि त्यावर ‘अर्थिंगची वायर काढून टाकू’ असा उपाय इलेक्ट्रिशियनने सुचवला. या कटकटीला कंटाळून ड्राय बाल्कनीत गॅस गिझर बसवावा का, हा तुमचा तिसरा प्रश्न आहे. गॅस भरायला आज होकार देऊ नका. अर्थिंग तर कोणत्याही परिस्थितीत काढू देऊ नका.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि नळ्या शाबूत असतील तर यंत्राच्या अखेरपर्यंत तेवढाच राहतो. त्यामुळे तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार. गॅस खरोखर कमी होतो, हे मी नाकारत नाही. परंतु एसी गार न करण्याची हवा, पाणी आणि वीज यांच्याशी संबंधित कारणे त्याहून अधिक वेळा आढळतात, ती तपासायला खर्च जवळजवळ नसतो आणि त्यांतली बरीचशी घरातल्या माणसाला स्वतः पाहता येतात. म्हणून गॅसचा क्रमांक शेवटी ठेवावा.

पाणी गळण्याची जी वेळ तुम्ही लिहिली आहे, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुण्यात एप्रिलमधल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की एसीच्या कॉइलवर, म्हणजे इनडोअर युनिटमधल्या गार होणाऱ्या नळ्या-पट्ट्यांवर, फारसे पाणी जमतच नाही. जून-जुलैत जेवढे पाणी बाहेरच्या पाइपमधून वाहते त्याचा थोडा भागच या दिवसांत निघतो. अशा कोरड्या हवेत, तेही एसी बंद केल्यानंतर, बरेच पाणी एकदम येत असेल तर कॉइलवर बर्फ साचून तो वितळत असावा, अशी शंका घ्यायला हवी. एसी तासभर चालवा, एमसीबी (एसीचा मुख्य विद्युत स्विच) बंद करा, इनडोअर युनिटचे पुढचे झाकण उचला, हवा गाळणाऱ्या जाळ्या काढा आणि टॉर्चने आत पाहा. बर्फ कॉइलवर सगळीकडे सारखा पसरला असेल आणि बाहेर जाणाऱ्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी जाड नळीही गोठल्यासारखी गार असेल, तर कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, म्हणजे जाळी, कॉइल किंवा ब्लोअर (आतला लांबट पंखा) घाणीने भरला आहे. बर्फ कॉइलच्या एखाद्या कोपऱ्यातच असेल, बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट असेल, बारीक नळीवर हिम जमले असेल आणि जाड नळी हाताला गार लागत नसेल, तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे. हा फरक पाहायला कोणतेही मीटर लागत नाही.

बर्फ अजिबात नसेल आणि पाणी मात्र येत असेल, तर ड्रेन पाइपकडे वळा. त्यात बुळबुळीत शेवाळ साचते. भिंतीतल्या भोकाचा उतार कधी कधी आतल्या बाजूला राहून गेलेला असतो. पाइपचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असेल तर आत हवा अडकून पाणी उतरत नाही. बाहेरच्या टोकाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेलेही मी पाहिले आहे, आणि ते काढायला काडी पुरते.

जाळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण वाघोली, हिंजवडी, उंड्री यांसारख्या सतत बांधकाम चालू असलेल्या भागांत पुस्तिकेतली मुदत पुरत नाही. मार्च ते मे या काळात तिथे दर पंधरा दिवसांनी जाळ्या साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळवूनच बसवाव्यात. त्यांच्यामागच्या कॉइलवर आणि लांबट ब्लोअरच्या पात्यांवर बसलेला थर मात्र जाळी धुऊन जात नाही. एसीचा आवाज नेहमीसारखा असूनही वाऱ्याचा झोत पलंगापर्यंत पोहोचत नसेल, तर ब्लोअरच्या पात्यांमध्ये धूळ भरली आहे असे समजावे. ही सफाई मेकॅनिककडून करून घ्यावी आणि त्याने खाली पिशवी बांधून, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) झाकूनच पाण्याचा झोत मारावा. नुसती जाळी झटकून आणि पुढचे झाकण पुसून ‘सर्व्हिसिंग झाले’ म्हणणाऱ्याला त्या कामाचे पैसे देण्याचे कारण नाही.

आता आउटडोअर युनिट, आणि इथेच पुण्यातल्या घरांचा एक खास दोष दिसतो. ते तुमच्या ड्राय बाल्कनीत आहे आणि बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे ५.२ किलोवॅट उष्णता उचलतो. त्यात त्याने स्वतः खाल्लेली दीड किलोवॅटच्या आसपासची वीज मिळवली, तर बाहेर टाकायची उष्णता साडेसहा किलोवॅटच्या पुढे जाते. म्हणजे २००० वॉटचे तीन गिझर त्या लहानशा जागेत एकाच वेळी तापत ठेवल्याहून ही उष्णता जास्त आहे. काचा बंद असल्या, समोर कपडे वाळत घातलेले असले किंवा कबुतरांसाठी बारीक जाळी लावून तिच्यावर धूळ बसलेली असली, की युनिटने टाकलेली गरम हवा तेच युनिट पुन्हा ओढून घेते. मग आतला दाब वाढतो, इन्व्हर्टर एसी स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो आणि खोलीत नुसता पंखा चालल्यासारखे वाटते. रात्री अकरानंतर तोच एसी व्यवस्थित गार करतो, हे या दोषाचे लक्षण आहे, आणि तुमच्या वर्णनात ‘दुपारी’ हा शब्द असल्यामुळे माझा पहिला संशय इथेच आहे. एक दिवस काचा पूर्ण उघड्या ठेवून, कपडे हलवून, युनिटच्या मागची बाजू मऊ ब्रशने आणि साध्या नळाच्या पाण्याने धुऊन पाहा. धुण्यापूर्वी एमसीबी बंद करा आणि पाण्याचा जोरदार झोत वापरू नका, कारण ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या लगेच वाकतात. फरक पडला तर युनिट बाहेरच्या भिंतीवर नेण्याचा विचार करावा. त्यासाठी सोसायटीची परवानगी आणि मजबूत ब्रॅकेट दोन्ही लागतील.

तुमचे घर वरच्या मजल्यावर आहे, हेही विसरू नये. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो आणि यंत्र निर्दोष असूनही दुपारी खोलीचे तापमान २४ अंशांवर येत नाही. यंत्राचा दोष आहे की खोलीचा, हे ठरवायला साधा थर्मामीटर पुरतो. एसी सर्वांत कमी तापमानावर वीस मिनिटे चालवून वरून आत जाणाऱ्या हवेचे आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा किंवा त्याहून थोडा अधिक फरक असेल, तर यंत्र आपले काम करत आहे; मग पैसा गच्चीवरच्या पांढऱ्या उष्णतारोधक लेपावर आणि पश्चिमेच्या खिडकीच्या जाड पडद्यावर खर्च करावा. फरक चार-पाच अंशांचाच असेल, तर पुढे जावे.

एवढे सगळे करूनही फरक पडला नाही, तरच गॅसकडे या. गळती बहुधा दोन ठिकाणी सापडते: नळ्या जिथे नटांनी जोडलेल्या असतात ते फ्लेअर जोड, आणि इनडोअर कॉइल. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते, त्यामुळे जोडावर चिकट, धूळ धरलेला काळपट डाग दिसला तर तिथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. डाग दिसला नाही तर नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन दाबाने भरून दाब टिकतो का, हे पाहणे हीच योग्य रीत आहे. त्यासाठी ऑक्सिजनचे सिलिंडर कोणी आणले तर त्याला दारातूनच परत पाठवावे; तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होतो.

गळती दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली पाहिजे आणि पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम टिकतो का, हे थांबून पाहिले पाहिजे. त्यानंतर आउटडोअर युनिटच्या पट्टीवर लिहिलेला गॅस, लिहिलेल्या वजनाइतकाच, काट्यावर मोजून भरावा. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर सतत वेग बदलतो, म्हणून केवळ गेजवरचा दाब पाहून अंदाजाने भरलेला गॅस कमी-जास्त होतोच. तीन वर्षांपूर्वीच्या एसीत बहुधा आर-३२ हा गॅस असेल. तो सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे नळीत गॅस असताना ज्योतीने ब्रेझिंग, म्हणजे डाग देण्याचे काम, करू देऊ नये. पट्टीवर आर-४१०ए लिहिले असेल तर ते आर-३२ आणि आर-१२५ यांचे निम्मे-निम्मे मिश्रण असते, आणि अशा वेळी टॉप-अप करण्याऐवजी उरलेला गॅस काढून संपूर्ण नव्याने भरणे श्रेयस्कर. गळती इनडोअर कॉइलमध्येच निघाली तर ती डाग देऊन बुजवण्यापेक्षा कॉइल बदलावी. एकदा झिजलेली तांब्याची कॉइल पुढे दुसऱ्या जागी फुटू शकते. मात्र त्यापूर्वी वॉरंटी कार्ड वाचा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी देतात, पण बाहेरच्या माणसाने काम केलेले असेल तर तीच कंपनी हात वर करू शकते.

विजेच्या बाजूचे थोडक्यात सांगतो. इन्व्हर्टर एसीत दोष आला की दिवे ठराविक पद्धतीने लुकलुकतात किंवा पडद्यावर कोड येतो. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, कारण मेकॅनिक येईपर्यंत तो नाहीसा होतो. पावसाळ्यात आउटडोअरच्या पीसीबीवर पाल शिरून पीसीबी जळणे ही नेहमीची घटना आहे. जुन्या, एकाच वेगाच्या एसीत कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो आणि सुरू होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कॅपॅसिटर (मोटर सुरू करायला मदत करणारा भाग) गेलेला असतो, आणि तो तुलनेने स्वस्त भाग आहे. परंतु कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून आउटडोअरचे झाकण घरातल्या कोणी उघडू नये.

गिझरकडे येऊ. ईएलसीबी पडते याचा अर्थ वीज गळून धातूच्या भागांपर्यंत किंवा पाण्यापर्यंत पोहोचते आहे आणि ते उपकरण तुमचा जीव वाचवते आहे. अर्थिंग काढल्यावर ते पडणे कदाचित थांबेल. मात्र मग गळणारी वीज नळाला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून वाट काढील. असा सल्ला देणाऱ्याला पुन्हा घरी बोलावू नये, एवढेच म्हणतो.

दोष जवळजवळ निश्चितपणे कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापवणाऱ्या एलिमेंटमध्ये असावा. शहरात खडकवासल्याचे पाणी मऊ आहे. वाघोलीत बोअरवेल आणि टँकरवर भागवावे लागते आणि ते पाणी जड असते. पाणी तापले की त्यातला क्षार एलिमेंटवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो, त्या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंटचे आवरण प्रमाणाबाहेर तापते आणि अखेर त्याला चीर पडून पाणी आत शिरते. पाणी तापायला लागणारा वेळ काही महिन्यांपासून वाढत गेला असेल किंवा तापताना आतून चुरचुर आवाज येत असेल, तर हेच झाले आहे. इलेक्ट्रिशियनने मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) एलिमेंट आणि बाहेरची टाकी यांमधला रोध मोजावा. तो मेगओममध्ये न येता फार खाली आला तर एलिमेंट बदलावे. त्याच वेळी मॅग्नेशियमची ॲनोड कांडी काढून पाहावी आणि ती झिजून बारीक झाली असेल तर बदलावी, कारण तिच्यामागोमाग टाकी गंजू लागते. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवला तर थर सावकाश साचतो. दोन हजार वॉटचा गिझर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो, त्यामुळे तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच असावा आणि प्लगची पिन काळी पडली असेल तर सॉकेटही बदलावे. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून काही थेंब येतात, तो बिघाड नाही. तो व्हॉल्व्ह बूच मारून बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

राहिला गॅस गिझर. जळताना तो खोलीतला प्राणवायू वापरतो आणि हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. डोके दुखणे, गरगरणे ही लक्षणे जाणवेपर्यंत माणसाला उठून दार उघडण्याची शक्ती राहीलच असे नाही. बंद बाथरूममध्ये तो कधीच बसवू नये. तुमच्या ड्राय बाल्कनीला काचा आहेत, तिचे दार स्वयंपाकघरात उघडते आणि तिथेच एसीचा मोठा पंखा हवा ओढतो व फेकतो. अशा ठिकाणी गिझरचा धूर बाहेर न जाता घरात ढकलला जाण्याची शक्यता आहे. काचा कायमच्या काढून टाकण्याची तयारी असेल आणि धुराची नळी थेट बाहेर नेता येत असेल तरच तो पर्याय विचारात घ्या. नसेल तर याच गिझरला नवे एलिमेंट आणि नवी ॲनोड कांडी बसवा. काचा उघडून एसी चालवल्यावर दुपारी काय फरक पडला आणि थर्मामीटरने किती अंश दाखवले, ते इथे लिहा. त्यावरून आउटडोअर हलवायचे की गळती शोधायची, हे सांगता येईल.