वाचक विचारतात: रोव्हर्स करंडक कुठे गेला?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर): जुन्या खेळाडूंच्या तोंडी रोव्हर्सचं नाव कायम असतं. ही स्पर्धा कोणी गाजवली आणि ती बंद का पडली?

उत्तर: रोव्हर्स ही मुंबईची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा. पहिला करंडक 1891 मध्ये वूस्टरशायर रेजिमेंटच्या संघाने नेला आणि पुढची साडेचार दशकं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. 1923 मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. ही कोंडी कलकत्त्याच्या संघाने फोडली असं अनेकजण धरून चालतात, ते चूक आहे. 1937 मध्ये ती बंगलोर मुस्लिम्सने फोडली आणि पुढच्या वर्षी करंडक राखलाही. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचं नाव 1940 मध्ये लागलं.

आमच्या मते या स्पर्धेतला सर्वांत मोठा पराक्रम हैदराबाद पोलिसांचा. 1950 ते 1954 अशी सलग पाच विजेतेपदं! बाद पद्धतीत एक वाईट दिवस आला की गाशा गुंडाळावा लागतो, हे ध्यानात घेतलं तर या पाचांचं वजन कळतं. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्ण जिंकलं तेही त्यांच्याच हाताखाली. यजमान मुंबईकडून कॅल्टेक्सने 1958 मध्ये आणि मफतलालने 1965 मध्ये करंडक घरी ठेवला.

1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि मोठ्या क्लबांचा हंगाम तिने व्यापला. लीगमध्ये सामने ठरलेले असतात. बाद स्पर्धेत संघ मुंबईला आणायचा, राहण्या-जेवणाचा खर्च करायचा आणि कदाचित एकाच सामन्यानंतर परतायचं, हा हिशेब क्लबांना जड जातो. 2000-01 ची आवृत्ती शेवटची ठरली. एकशे दहा वर्षांची परंपरा अशी गळून पडावी, याचं दुःख आम्हाला आजही आहे.

प्रश्न (शिवाजी पेठ): मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या रोव्हर्स विजेतेपदांचे आकडे जुळत नाहीत. खरे कोणते?

उत्तर: मोहन बागान 14, ईस्ट बंगाल 10. घोळ संयुक्त विजेत्यांमुळे होतो. 1972 चं विजेतेपद दोघांत वाटलं गेलं, म्हणून ते दोन्ही खात्यांत मोजायचं. ईस्ट बंगालची 1962 ची वाटणी आंध्र पोलिसांबरोबर, 1980 ची मोहम्मडन स्पोर्टिंगबरोबर. शिवाय शेवटची आवृत्ती कुणी 2000 खाली लिहितं, कुणी 2001 खाली, आणि मग एकच करंडक दोनदा मोजला जातो.

प्रश्न (फुलेवाडी): आमच्या बाद स्पर्धेत 22 संघ आहेत. बाय (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) कसे द्यावेत?

उत्तर: सरळ 11 जोड्या लावू नका. 22 चे 11 होतात, एका बायने 6, मग 3, आणि उपांत्य फेरीत एक संघ न खेळताच अंतिम सामन्यात! 2, 4, 8, 16, 32 अशा दुपटीत 22 च्या पुढचा आकडा 32. 32 वजा 22, म्हणजे 10 बाय, आणि ते सगळे पहिल्याच फेरीत. उरलेल्या 12 संघांचे 6 सामने झाले की 16 संघ राहतात. पुढे 8, 4, 2 असं बिनचूक उतरतं.

ड्रॉचे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून लावलेल्या जोड्यांच्या तक्त्याचे, दोन भाग करून प्रत्येकात 11 संघ आणि 5 बाय ठेवा. सगळे बाय एकाच भागात पडले तर त्या बाजूचे संघ ताजेतवाने राहतात आणि तालमींत (पेठांच्या संघांत) वाद पेटतो. एकूण सामने 21, संघांपेक्षा नेहमी एक कमी. शाहू स्टेडियमवर रोज दोन सामने घेतले तर 11 दिवस लागतात. पावसासाठी 2 दिवस राखून ठेवा. ड्रॉनंतर एखाद्या संघाने माघार घेतली तर चिठ्ठ्या पुन्हा टाकू नका, समोरच्याला पुढे चाल द्या. आणि अंतिम सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ, टायब्रेकर की संयुक्त विजेते, हे ड्रॉच्या आधी लेखी ठरवून प्रत्येक संघाची सही घ्या.