कंपनीला आमचा कारखाना नको, फक्त नाव हवे आहे. नावाची किंमत कशी ठरते?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कुटुंबाचा मसाल्यांचा आणि लोणच्यांचा व्यवसाय आहे, नावाची ट्रेडमार्क नोंदणी झालेली आहे, आणि एका मोठ्या कंपनीने कारखाना, यंत्रे, कामगार यांपैकी काहीही न घेता फक्त ते नाव विकत मागितले आहे. नुसत्या नावाला खरोखर किंमत असते का आणि ती ठरते कशी, हे तुम्हाला हवे आहे. मी पुण्यात मूल्यांकनाचे काम करतो आणि अशा व्यवहारांचे कागद माझ्यासमोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किंमत नक्कीच असते, आणि बाजारही खरा आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२० मध्ये हॉर्लिक्स या नावाचे भारतातील हक्क घेण्यासाठी स्वतंत्रपणे ३,०४५ कोटी रुपये मोजले. इमामीने २०१५ मध्ये केसांच्या तेलाचे केश किंग हे नाव १,६५१ कोटींना आणि २०२२ मध्ये घामोळ्यांच्या पावडरचे डर्मीकूल ४३२ कोटींना घेतले. दुकानांतून जवळजवळ दिसेनासे झालेले कॅम्पा हे शीतपेयाचे नाव रिलायन्सने २०२२ मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा बाजारात आणले. त्या व्यवहाराची रक्कम बातम्यांत सुमारे २२ कोटी अशी आली होती. तरीही तुमच्या वहीत या मालमत्तेची नोंद कुठेच सापडणार नाही, कारण स्वतः वाढवलेला ब्रँड हिशेबाच्या नियमांनुसार ताळेबंदात दाखवता येत नाही. तोच ब्रँड विकत घेणाऱ्याच्या ताळेबंदात मात्र पूर्ण किमतीने चढतो. त्यामुळे ताळेबंदावरून किंमत सांगू पाहणाऱ्या माणसाचे ऐकू नका.

मूल्यांकनाच्या तीन वाटा आहेत. आजवर जाहिरातीवर आणि नोंदणीवर झालेला खर्च मोजणे ही पहिली. ब्रँडच्या बाबतीत ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षे चव टिकवली त्याचे बिल कोणी ठेवलेले नसते. तशाच दुसऱ्या व्यवहाराशी तुलना करणे ही दुसरी. पण छोट्या ब्रँडांचे व्यवहार सहसा जाहीर होत नाहीत. उरते ती उत्पन्नाची वाट, आणि प्रत्यक्षात बहुतेक अहवाल तिच्यावरच उभे असतात. त्यात असा विचार करतात की हे नाव तुमचे नसते, ते दुसऱ्याकडून वापरायला घेतले असते, तर विक्रीच्या किती टक्के रॉयल्टी द्यावी लागली असती? ती वाचलेली रॉयल्टी म्हणजे नावाचे उत्पन्न.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. वार्षिक विक्री ८ कोटी आणि रॉयल्टीचा दर ३ टक्के धरला, तर २४ लाख होतात. सुमारे २५ टक्के कर वजा जाता १८ लाख उरतात. ही रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढेल असे मानून आणि जोखमीपोटी १८ टक्के सूट-दर (पुढे मिळणारे पैसे आजच्या किमतीत आणताना दरवर्षी कमी धरायचा दर) लावून आजचे मूल्य काढले, म्हणजे १८ लाखांना १८ वजा ५ अशा १३ टक्क्यांनी भागले, तर ते सुमारे १ कोटी ३८ लाख येते. आता त्याच नावासाठी रॉयल्टी ४ टक्के आणि सूट-दर १५ टक्के धरा. उत्तर २ कोटी ४० लाख होते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. म्हणून कंपनीने तुमच्यापुढे अहवाल ठेवला, तर शेवटच्या रकमेआधी हे दोन दर कशाच्या आधारावर धरले ते विचारा, आणि आपल्या बाजूने स्वतंत्र नोंदणीकृत मूल्यांकक नेमा. कंपनी कायद्याखालच्या नियमांत ब्रँड किंवा पेटंट यांसाठी वेगळा वर्ग नाही. हे काम ‘रोखे किंवा वित्तीय मालमत्ता’ या वर्गाच्या मूल्यांककाकडे येते.

अहवालातली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांत किती अंतर पडू शकते, हे किंगफिशर एअरलाइन्सच्या प्रकरणात मुंबईच्या बँकिंग वर्तुळाने पाहिले. या ब्रँडचे मूल्य एके काळी चार हजार कोटींहून अधिक काढले गेले होते आणि तो बँकांकडे तारण होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानसेवा बंद पडली. एप्रिल २०१६ मध्ये स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी ते ट्रेडमार्क ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीने लिलावाला काढले, तेव्हा एकही बोली आली नाही. त्याच नावाची बिअर मात्र दुसऱ्या कंपनीकडे आहे आणि ती आजही व्यवस्थित खपते. पेटंटांच्या बाजारातही हेच घडते. २०११ मध्ये नॉर्टेल या दूरसंचार कंपनीची सुमारे सहा हजार पेटंटे ४५० कोटी डॉलरना गेली. त्यानंतर दिवाळखोरीत गेलेल्या कोडॅकच्या डिजिटल छायाचित्रणाच्या पेटंटांचे मूल्य २२० ते २६० कोटी डॉलर सांगितले गेले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये ती सुमारे ५२.५ कोटी डॉलरना विकली गेली. एकमेकांविरुद्ध बोली लावू शकले असते असे खरेदीदार त्या वेळी एकत्र आले होते, आणि विकणाऱ्याला थांबणे परवडणारे नव्हते. तुमचा व्यवसाय आज चालू आहे आणि विकण्याची सक्ती नाही, ही तुमची सर्वांत मोठी बाजू आहे. ती असेपर्यंतच बोलणी करा, आणि शक्य असेल तर आणखी एका इच्छुकाला विचारून पाहा.

दुसरी गोष्ट पैशापलीकडची आहे, पण मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. १९९३ मध्ये पारलेच्या रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावे कोका-कोलाला विकली. थम्स अप टिकले आणि खूप मोठे झाले. गोल्ड स्पॉट बाजारातून काढून घेतले गेले. नाव विकत घेणाऱ्यावर ते चालवण्याचे बंधन नसते. तुमचे नाव बरणीवर राहावे अशी इच्छा असेल, तर ठरावीक काळ वापर न झाल्यास ते परत मिळण्याची अट करारातच लिहून घ्यावी लागेल. माझा स्पष्ट सल्ला असा की आधी विक्रीऐवजी परवान्याचा, म्हणजे नाव आपल्याकडेच ठेवून ते वापरायला देण्याचा प्रस्ताव मांडा: किमान रॉयल्टीची हमी, दर्जावर तुमची देखरेख आणि ठरावीक मुदत. कंपनी नकारच देत असेल, तर काही रक्कम रोख आणि काही पुढील वर्षांच्या विक्रीवर टक्केवारीने, अशी मागणी करा.

कागदांपैकी सर्वांत आधी नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते पाहा. ती दिवंगत आजोबांच्या किंवा जुन्या भागीदारी पेढीच्या नावावर असेल, तर मालकी त्यांच्याकडून तुमच्याकडे कशी आली, ती साखळी आधी नोंदवावी लागेल. ट्रेडमार्क व्यवसायाच्या नावलौकिकासह (गुडविलसह) किंवा त्याशिवाय विकता येतो. पण नावलौकिकाशिवाय विकल्यास खरेदीदाराला ठरावीक मुदतीत ट्रेडमार्क निबंधकांकडे अर्ज करून जाहिरात द्यावी लागते. तुमच्या पाकिटावर सांगली हळद किंवा भिवापूर मिरची असे भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालाला मिळणारी जीआय नोंदणी) असेल, तर ते या सौद्यात येऊच शकत नाही, कारण कायद्याने त्याचे हस्तांतरण होत नाही. पाककृती हवी असे कंपनी म्हणाली, तर ती वेगळी मालमत्ता आहे, तिची किंमत वेगळी लावा आणि गोपनीयतेच्या करारावर सही होईपर्यंत प्रमाण सांगू नका. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, करारावरच भिस्त असते. कराचा हिशेबही आधीच करून घ्या: स्वतः निर्माण केलेल्या ब्रँडचा खरेदीखर्च शून्य धरला जातो, त्यामुळे जवळजवळ पूर्ण रक्कम भांडवली नफ्यात मोडते.

मसुद्यात स्पर्धा न करण्याची अट असेलच. नावलौकिक विकताना वाजवी मर्यादेत अशी अट घालायला करार कायदा परवानगी देतो. ब्रँडचे नाव तुमचे आडनावच असेल, तर पुढच्या पिढीतल्या कोणी मसाल्याचा धंदा सुरू केल्यास त्याला स्वतःचे आडनाव कोणत्या मर्यादेत वापरता येईल, हे सहीआधी त्याच कलमात स्पष्ट लिहून घ्या.