करवंदाची वाइन दोन महिन्यांनीही गढूळ आहे, तीनदा फडक्यातून गाळली. बाटलीत भरण्याआधी काय करू?

आधी फडकं बाजूला ठेवा. मेलेलं यीस्ट इतकं बारीक असतं की ते कापडातून आरामात जातं. आणि दर गाळणीला वाइनला हवा लागते, मग रंग तपकिरी आणि चव शिळी.

हायड्रोमीटरचा (वाइनची घनता मोजणारी काचेची नळी) आकडा तीन दिवस हलला नाही, म्हणजे आंबणं थांबलं, तरच पुढे जा. बरणी ओट्यावर, रिकामी बरणी जमिनीवर. स्वच्छ नळीचं तोंड साक्याच्या दोन बोटं वर धरा, दुसरं टोक खालच्या बरणीच्या तळाला टेकवा, म्हणजे फेस येत नाही. शेवटचा पेलाभर गढूळ भाग सोडून द्या. तिथे लोभ केला की सगळं पुन्हा ढवळतं.

आता ५ लिटरला ५ ग्रॅम बेंटोनाइट (वाइन निवळवणारी बारीक माती). ते ७५ मिली गरम पाण्यात रात्रभर भिजवून गुठळ्या मोडा, वाइनमध्ये ढवळा आणि आठवडाभर हात लावू नका. उकाड्यात निवळायला वेळ लागतो, म्हणून बरणी मावत असेल तर शेवटचे चार दिवस फ्रीजमध्ये ठेवा. पुन्हा नळीने काढा, मगच बाटली.

तरीही दुधट दिसली तर दोष बहुधा पेक्टिनचा, म्हणजे जेली घट्ट करणाऱ्या फळातल्या पदार्थाचा. करवंदात ते भरपूर, आणि फळं उकळली असतील तर आणखीच सुटतं. चमचाभर वाइनमध्ये तीन-चार चमचे मेथिलेटेड स्पिरिट घाला. जेलीसारख्या गुठळ्या झाल्या तर पेक्टिनच (हा नमुना ओतून टाका, विषारी आहे). त्यावर बेंटोनाइट चालत नाही, पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज एन्झाइम लागतं. पुढच्या खेपेला ते आंबवण्याआधीच घाला.